पाळणासिस्टर

वरच्या फळीवरचा टॉवेल घ्यायला सिस्टरने मान वर केली आणि समोरची भिंत फिरली. डाव्या हातावर नुकतंच अंघोळ घातलेलं बाळ होतं, ओलं, निसटतं. तिने बाळाला छातीशी आवळलं आणि आपला खांदा कपाटावर आदळू दिला. तरी बाळ दंडावरून घसरलंच. शेजारच्या टेबलाशी उभ्या असलेल्या धाकट्या नर्सने झडप घालून त्याला वरच्यावर झेललं.

"सिस्टर! काय झालं?"

"काही नाही गं. पाय घसरला."

सगळं हॉस्पिटल तिला पाळणासिस्टर म्हणायचं. तिची सगळी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डातच झाली होती. जुळी असली की दोन हातांवर दोघांना घेऊन ती आयांशी गप्पा मारत वॉर्डभर फिरायची. एखादी पहिलटकरीण बाळ हातात घ्यायला घाबरली की म्हणायची, "घ्या हो, तुमचंच आहे. बदलून मिळणार नाही."

चक्कर बरेच दिवस येत होती. अंथरुणात कूस बदलली की छत गरगरायचं. तळपाय बधिर झाले होते, कापसावरून चालल्यासारखं वाटायचं. वय झालं, असं म्हणत तिने ते अंगावर काढलं होतं.

दुपारी मेट्रनच्या खोलीवरून जाताना तिला आतला चढलेला आवाज ऐकू आला. वॉर्ड झाडणाऱ्या मावशी टेबलासमोर मान खाली घालून उभ्या होत्या.

"फरशी ओली ठेवता? बाळ पडलं असतं म्हणजे?"

"बाई, कोरडी पुसली होती हो मी. खरंच."

सिस्टर दारात थबकली. तिला कुणी पाहिलं नव्हतं, तशीच पुढे गेली असती तरी चाललं असतं. तिने चौकट धरली आणि ती आत आली.

"फरशी कोरडी होती," ती म्हणाली. "मला चक्कर आली. मी खोटं बोलले."

मेट्रनने चष्मा काढला. "कधीपासून येतेय?"

"झाले काही महिने."

"आणि तशीच बाळं उचलत होतात?"

"हो," म्हणताना तिने टेबलाची कड धरली. मावशींनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्यामागे ठेवलं. "आधी बसा तुम्ही."

कानाच्या डॉक्टरांकडे नवरा बरोबर आला. डॉक्टरांनी तिला टेबलावर आडवं केलं, डोकं एका बाजूला वळवून कडेवरून खाली लोंबतं धरलं. खोली भोवऱ्यासारखी फिरली. तिने डॉक्टरांचं मनगट घट्ट पकडलं.

"डोळे मिटू नका. हेच बघायचं होतं," डॉक्टर म्हणाले. मग तिला उठवून बसवत त्यांनी समजावलं, "कानाच्या आत कॅल्शियमचे अगदी बारीक खडे असतात. तोल त्यांच्यावर चालतो. ते जागा सोडून भलतीकडे गेले की मान वळवताच जग फिरतं. तुमच्या रक्ताच्या तपासणीत डी व्हिटॅमिन तळाला गेलेलं दिसतंय, तसं असलं की खडे सुटण्याचा धोका वाढतो. बी-ट्वेल्व्हही कमी आहे, म्हणून पायांना जमीन नीट कळत नाही. ऊन कितपत मिळतं?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "ऊन? हिची जास्त करून रात्रपाळी, सकाळी येऊन पडदे ओढून झोपणार. मी खिडकी उघडली की अंगावर यायची. लग्न झाल्यापासून मी घरात चोरासारखा वावरतोय."

सिस्टर हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी डोकं ठरावीक दिशांनी वळवून खडे जागेवर नेले. इंजेक्शनं, गोळ्या, सकाळचं ऊन, असं सगळं सांगितलं. निघताना तिने विचारलं, "बाळ हातात असताना पुन्हा चक्कर येणार नाही, अशी खात्री देता?"

"बऱ्याच जणांना पुन्हा येत नाही."

"मी खात्री विचारली, डॉक्टर."

डॉक्टरांनी नुसती औषधांची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी ती मेट्रनसमोर उभी राहिली. "मला बाळांच्या वॉर्डातून काढा."

"अहो, औषधाने बऱ्या व्हाल. थोडे दिवस रजा घ्या."

"बरी होईनही. पण मला माझ्या हातांची भीती वाटायला लागलीय. ती घेऊन तिथे नाही उभं राहायचं मला."

तिची बदली कपड्यांच्या खोलीत झाली. चादरींच्या घड्या, दुपट्यांचे गठ्ठे. हळूहळू चक्कर थांबली, पायांनाही थोडी जाण आली. वॉर्डातलं बाळ रडायला लागलं की भिंतीपलीकडून ऐकू यायचं. भूक लागलीय की कपडा ओला आहे, तिला रडण्यावरून कळायचं. तिच्या हातातली घडी तेवढी थांबायची.

सकाळी काम सुरू होण्याआधी ती मागच्या अंगणातल्या बाकावर उन्हात बसायची. एकदा एक नवी आई बाळाला घेऊन शेजारी येऊन टेकली. शाल सारखी खांद्यावरून घसरत होती.

"मावशी, जरा धरता का याला? शाल नीट करते."

सिस्टर मागे सरकली, पाठ बाकाला घट्ट टेकवली, दोन्ही पावलं जमिनीवर रोवली आणि हात मांडीवर पसरले.

"द्या आता."

"मानेखाली हात ठेवा हं," आई काळजीने म्हणाली. "मान धरत नाही अजून."

"हो का? बरं झालं सांगितलंत," सिस्टर म्हणाली, आणि बाळाच्या डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाला तिने आपला तळहात आडवा धरला.