पायमोजे घातलेले कोनाडे

शेवटच्या कोनाड्याच्या पायांना नमद्याच्या मऊ लोकरी चकत्या चिकटवताना मामा म्हणाला होता, "पट्टे, लाकडाला पायमोजे घालणारी तू पहिलीच. उद्या म्हणशील, थंडी वाजते त्याला, टोपी घाला."

"फरशीवर ओरखडे नकोत, आणि वाचणाऱ्याच्या कानाला खरखर नको," ती म्हणाली होती.

लहानपणापासून तिच्या हातात मोजपट्टी असायची, म्हणून मामाने तिचं नाव पट्टी ठेवलेलं. मामा सुतार, भाची आराखडे काढणारी. आजवर तिचे आराखडे कागदावरच जन्मले आणि कागदावरच म्हातारे झाले. लाकडात उतरलेलं हे पहिलंच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर जुनी कपाटं हलवली, तेव्हा एक लांबट खोली मोकळी झाली. एका अंगाला उंच खिडक्यांची रांग, समोरच्या भिंतीत दोन दारं. एक जिन्याचं, एक नकाशांच्या दालनाचं. तिथे विद्यार्थ्यांना वाचायला जागा करून दे, एवढंच तिला सांगितलं होतं.

तिने भिंती घातल्या नाहीत, कोनाडे केले. प्रत्येकाला पाठ, दोन कुशी, बसायला फळी आणि पुस्तक टेकवायला कड. एकटा ठेवला तर एकाची जागा, समोरासमोर दोन ठेवले तर मैत्रिणींची, चार जुळवले तर चिमुकली खोली. माप मात्र तिच्या अंगावरचं होतं. लहानपणी भावंडांनी गजबजलेल्या घरात ती पांघरुणांच्या कपाटात, खालच्या खणात शिरून वाचायची. गुडघे हनुवटीशी, दार किंचित किलकिलं, आणि त्या फटीतून पानावर पडलेली उन्हाची एक काडी.

कोनाडे मांडले ते तिने नदीच्या वळणाने. जिन्यातून वर आलं की वाटावं, लाकडी पाणी खिडक्यांकडे वाहत चाललंय. पण दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर नदी फुटलेली. एक कोनाडा इकडे, दोन तिकडे, एक भिंतीला पाठ लावून रुसलेला. तिने सगळे जागेवर आणले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजचंच झालं. पोरांनी उधळावं, तिने आवरावं.

"रांगतं पोर सांभाळतेस की काय," मामा हसला. तिला हसू येईना. आपलं काम मुलांना आवडलेलं नाही, हे कुसळ तिच्या मनात रुतून बसलं होतं.

त्यात ग्रंथपालबाईंनी बोलावलं. "काल मी नकाशे आणायला निघाले, तर दारात तुमचं खोकं. आत एक मुलगा, तोंडावर पुस्तक. त्याला ओलांडू, की बोगदा खणू?"

"कोनाडा आहे तो," ती पुटपुटली.

"कोनाडा भिंतीत असतो बाई, चालत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सगळे जमिनीला आवळून टाका, नाहीतर गोदामात जातील. किल्ली माझ्याकडेच आहे."

गोदामात गेलेली वस्तू परत येत नाही, हे ग्रंथालयात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आली. कुठला कोनाडा कुठे आवळायचा, ते खुणांनी ठरवायचं होतं. पण आज तिने नदी सावरली नाही. मांडीवर आराखडा घेऊन एका कोनाड्यात बसली आणि नुसती बघत राहिली.

पहिल्या खिडकीतून ऊन आत आलं, फरशीवर चादर अंथरल्यासारखं पसरलं. एक मुलगी आली. तिने कोनाड्याला कमरेने हलकेच रेटलं, उन्हाच्या काठाशी नेलं आणि पाय तेवढे उन्हात सोडून बसली. मागोमाग दुसरी, मग तिसरा. आवाज नाही, बोलणं नाही. ऊन सरकलं तसे कोनाडेही सरकले, सावकाश, चरत चरत पुढे जाणाऱ्या गाईंसारखे. एक मुलगी वाचता वाचता झोपी गेली होती. ऊन तिच्या पापण्यांशी पोचलं, तशी शेजारची दोन मुलं उठली, दोन्ही कुशींना हात लावले आणि तिला अलगद सावलीत नेऊन ठेवलं. छातीवरच्या पुस्तकाचं पानही उलटलं नाही. मुलं पुन्हा आपापल्या ओळीवर जाऊन बसली.

बघता बघता तिचेही डोळे जड झाले.

जाग आली तेव्हा ती भलत्याच खिडकीपाशी होती. मांडीवरच्या आराखड्यावर उन्हाची काडी पडली होती, बरोबर कपाटातल्यासारखी. कुणी आणलं, कधी आणलं? आजूबाजूला सगळी डोकी पुस्तकात.

आणि मग तिला आठवलं. कपाटाच्या दाराला आतून कडी नव्हती की मूठ नव्हती. ती फट तिने कधीच केलेली नव्हती. दुपार कलली की ती आपोआप रुंद व्हायची, आणि बाहेर केरसुणीच्या तालावर आईचं गुणगुणणं चालायचं. तिला वाटायचं, आई केर काढतेय. त्या गुणगुणण्याचे शब्द आज कुठे तिला उमगले.

ऊन गेलं दाराआड, कोण त्याला बोलवी
वाचणाऱ्या लेकीसाठी आई दार हलवी

कुसळ निघाल्यावर बोट हुळहुळतं ना, तसं काहीसं झालं तिचं.

दुपारी मामा गिरमिट आणि स्क्रूचा डबा घेऊन वर आला. "सांग, कुठे भोकं पाडू?"

"कोनाड्यांना नाही. वाट आवळायची."

"वाट?"

"जिन्यापासून नकाशांच्या दारापर्यंत. उरलेल्या फळ्यांचा गुडघाभर कठडा घालू. मध्ये एक फट. माणूस जाईल, कोनाडा जाणार नाही. अलीकडे त्यांना हवं तिथे फिरू दे."

मामाने डोकं खाजवलं. "आणि तुझी नदी?"

"नदीला काठ लागतात, मामा. स्क्रू नाही."

संध्याकाळी ग्रंथपालबाई किल्ली घेऊन वर आल्या. कठड्याच्या पलीकडून नकाशांच्या दालनात गेल्या, काखेत एक ग्रंथ घेऊन परत आल्या. मग फटीतून आत येऊन पायाने एक कोनाडा लोटून पाहिला. तो निमूट घसरत गेला आणि कठड्याला टेकून थांबला.

"उद्या हे पुन्हा इकडेतिकडे होणार," बाई म्हणाल्या.

"होणार," ती म्हणाली. "पण तुमची वाट मोकळी राहील."

मुलं बघत नाहीत ना ते पाहून बाई त्याच कोनाड्यात टेकल्या. हातातली किल्ली कडेवर ठेवली, काखेतला नकाशांचा जाडजूड ग्रंथ उघडला. "शिलाई सुटलीय का, तेवढं बघते," त्या म्हणाल्या. मामाने तोंड फिरवून हसू गिळलं.

शिलाई पाहून झाली असावी, तरी पानं उलटतच राहिली. कललेलं ऊन आधी त्यांच्या खांद्यावरून उतरलं, मग पानावरून.

तिने मामाकडे पाहिलं. मामाने गिरमिट खाली ठेवलं. दोघांनी दोन कुशींना हात लावले आणि हळूच रेटलं. पायमोजे घातलेलं लाकूड हूं की चूं न करता निघालं.

बाईंनी मान वर केली नाही. पान उलटत एवढंच म्हणाल्या, "जरा डावीकडे."