उलटं किकुए

जपान युद्ध हरून आठ महिने झाले होते आणि आमच्या बंदरातल्या बायकांना पहिल्यांदाच मत मिळालं होतं. ते अमेरिकनांच्या हुकमानं मिळालं, हे पुरुष येताजाता ऐकवायचे. "जिंकणाऱ्यांनी फेकलेला तुकडा आहे तो," आमचे हे भट्टीत लाकडं सारताना म्हणाले. मी म्हटलं, "असेल. अख्खी भाकरी इतकी वर्षं तुमच्याकडे होती. कधी घासभर तरी पुढे केलीत का?" त्यांनी भट्टीचं दार धाडकन लावलं.

गावाचं सार्वजनिक न्हाणीघर आम्ही दोघं चालवायचो. मधली लाकडी भिंत डोक्याच्या वर हातभरच. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष, आणि वरून गप्पांची ये-जा. जळणाची टंचाई, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस पाणी तापायचं. त्या दोन दिवसांत गावाचं सगळं राजकारण तिथेच व्हायचं.

"बायकांनो, मत हामादालाच हं!" पलीकडून कुणीतरी ओरडायचा.

"हामादालाच देणार!" आमच्या बाजूनं उत्तर जायचं. "कुठल्या, ते विचारू नका!" मग असा हशा पिकायचा की हौदातलं पाणी हिंदकळायचं.

कारण निवडणुकीला हामादा दोन उभे होते. एक तोराकिची, मासळीच्या लिलावाचा मालक. अर्धं गाव त्याच्या मुठीत. दुसरी किकुए, सुईण. उरलेलं अर्धं गाव तिच्या हातून जन्मलेलं. चिठ्ठीवर नाव स्वतःच्या हातानं लिहायचं, असा नियम. नुसतं हामादा लिहिलं तर मत बाद. नुसतं किकुए चालेल, असं कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं होतं. पण ज्याला लिहिता येत नाही, त्याचं काय? "त्यानं घरी बसावं," कारकून म्हणाला होता.

हे ऐकून तोमेआजी पेटली. आजी त्रेसष्ट वर्षांची, जाळी विणणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली. एक दिवस सगळ्या बायका गेल्यावरही ती गरम पाण्यात बसून राहिली आणि आतूनच म्हणाली, "फुसे, मला ते नाव शिकव."

"आजी, पाच दिवस राहिलेत."

"माझ्याकडे तीनदा कागद आला, फुसे. दोनदा पोरांना लष्करात न्यायला आणि एकदा थोरला मेल्याचा. तिन्ही वेळा त्यात काय आहे ते दुसऱ्यानं वाचून दाखवलं, आणि मी अंगठा उठवला. आता एक कागद माझ्याकडून जाऊ दे. माझ्या हातचा."

मी बाहेर, दोन्हीकडच्या कपड्यांच्या टोपल्या दिसतील अशा जागी पहाऱ्याला बसले होते. तिथून उठून आत जाऊ शकत नव्हते. त्या दिवसांत कपड्यांच्या चोऱ्या फार, आणि तिकडे पुरुषांच्या टोपल्या अजून भरलेल्या. गिऱ्हाइकाचा सदरा गेला तर तो आम्हीच भरून द्यायचा. आजीही बाहेर येईना. थंडी होती, शिवाय तिला लाजही वाटत होती. मधे काचेचं दार होतं, आतून वाफेनं पांढरं झालेलं. मी बाहेरून काचेवर बोट टेकवलं. "आजी, तुझं बोट माझ्या बोटावर ठेव. मी नेईन तसं ने."

तिनं ठेवलं. काच मधे असूनही ते बोट मला जाणवत होतं, दोरानं घट्टे पडलेलं. मी आमच्या लिपीतला कि काढला, तिचं बोट मागोमाग आलं आणि तिच्या बाजूच्या वाफेत रेघा उमटल्या. त्याखाली कु. त्याखाली ए. मला माझ्या बाजूनं अक्षरं अगदी बरोबर दिसत होती. "शाब्बास!" मी म्हणाले. त्या दिवशी आणि पुढच्या पाणी तापण्याच्या दिवशी मिळून तिनं ते नाव पन्नास वेळा तरी काढलं. घरी चुलीच्या राखेत काढलं ते वेगळंच.

मतदानाच्या सकाळी मला उजाडायच्या आधीच जाग आली. लग्नाच्या दिवशीही मी इतक्या लवकर उठले नव्हते. शाळेपाशी ही रांग! तांदळापायी विकायचे राहिलेले किमोनो बायकांनी बाहेर काढले होते, कुणी कामाचे लेंगेच धुऊन घातले होते. पाठीवर पोरं, हातात उकडलेली रताळी. फाटकाशी जीप उभी होती आणि दोन अमेरिकन शिपाई तोंडात काहीतरी चघळत आमच्याकडे बघत होते. एरवी त्यांना पाहून आम्ही रस्ता बदलायचो. त्या दिवशी एकीनंही मान खाली घातली नाही. "बघा म्हणावं, पोटभर बघा," तोमेआजी म्हणाली, "मी काही कोंबडी नाही पळून जायला."

आत तिनं कुंचला शाईत बुचकळला आणि आडोशाला इतका वेळ लावला की मागच्या पुरुषानं खाकरायला सुरुवात केली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "लिहिलं!" ती ओरडली. "मी लिहिलं, फुसे!" बायकांनी तिला घेरलं. तिनं काटकी उचलली, उकिडवी बसली आणि मातीत दणदणीत तीन अक्षरं काढली.

बायका वाकून बघू लागल्या.

"आजी, हे तर उलटं आहे," मास्तरांची बायको म्हणाली. "आरशात दिसतं तसं."

 काच! ती पलीकडून शिकली होती. तिच्या बाजूनं सगळं उलटं होतं. शेवटचा ए तेवढा आमच्या लिपीत दोन्हीकडून सारखा दिसतो म्हणून वाचला. मला रडूच फुटलं. "आजी, माझी चूक. मी गाढव आहे."

 आजीनं पायानं अक्षरं पुसली. "उद्या मोजणीला जाऊ," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नगरकचेरीत दोरीपलीकडे उभं राहून बघायला परवानगी होती. आम्ही वीसेक जणी होतो. हे लाकडं सोडून माझ्यामागून आलेच, आणि "गर्दी बघायला आलोय" असं दोनदा म्हणाले. तोंड आमच्याकडे करून एक तरुण कारकून चिठ्ठ्या वाचत होता. "हामादा तोराकिची. हामादा किकुए." प्रत्येक किकुएला आम्ही एकमेकींना चिमटे काढत होतो.

मग तो थांबला. त्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "हे काय आहे? चित्र काढलंय कुणीतरी." मोजणीवरच्या साहेबांकडे बघून म्हणाला, "बाद?"

तोमेआजीनं माझा दंड असा धरला की वळ उठले. तिचं तोंड उघडलेलं पाहून मी त्यावर हात दाबला. मत गुप्त ठेवायचं असा नियम; आपली चिठ्ठी ही, असं ओरडून सांगितलं असतं तर मत नक्कीच गेलं असतं.

पण कारकुनानं चिठ्ठी उंच धरली होती. त्याच्यामागे खिडकी होती. युद्धानंतरचा कागद तो, फुंकर मारली तर फाटेल इतका पातळ, आणि आजीनं शाई हात राखून घेतली नव्हती. ती पार आरपार झिरपली होती. आमच्या बाजूनं, कागदाच्या पाठीवर, तीन सरळ, ठसठशीत अक्षरं दिसत होती.

"किकुए!" मी वाचलं.

"किकुए!" सगळ्या बायका एका दमात ओरडल्या. आणि माझ्यामागून जाडसर आवाजात आमचे हेही.

"गप्प बसा!" साहेब गरजले. त्यांनी चिठ्ठी घेतली, उलटली, पुन्हा पाहिली.  "नाव स्पष्ट आहे," ते शेवटी म्हणाले. "कुठल्या बाजूनं वाचायचं, ते कायद्यात लिहिलेलं नाही." आणि चिठ्ठी किकुएच्या गठ्ठ्यावर ठेवली.

बायकांनी उड्या मारल्या. मी रडत होते, हसत होते, माझं मलाच कळेना. आजीच्या डोळ्यांतूनही धारा लागल्या होत्या, पण ती माझ्याकडे वळली ती खेकसतच.

"फुसे, पुढच्या मताच्या वेळी कपडे गेले चोरीला तर जाऊ देत. तू आत येऊन शिकव."