छाटलेली टोकं

आमचे हे न्हावी. काहीही वाढलेलं दिसलं की यांचे हात शिवशिवतात. म्हणूनच वन्संनी यांना रानातल्या फुलपाखरांच्या कामाला बोलावलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. काम बिनपैशाचं, पण वन्संचा जीव त्यात. दाटलेला झाडोरा थोडा तोडायचा, ऊन जमिनीपर्यंत पोचू द्यायचं, म्हणजे फुलपाखरं टिकतात. त्यातलं एक तपकिरी फुलपाखरू तर आता काटेरी झुडपांच्या एकाच रांगेवर उरलं होतं.

"फक्त गवत काप. झुडपांना हात लावू नकोस," असं बजावून वन्सं पलीकडे गेल्या. यांनी गवत कापलं. मग झुडपांची वरखाली टोकं यांच्या डोळ्यांत खुपली. वन्सं परतल्या तेव्हा जवळजवळ सगळी रांग एका रेषेत आली होती.

"ताई, कसं दिसतंय?" हे खुशीत.

वन्संनी खाली पडलेलं एक टोक उचललं. "अरे, अंडी कोवळ्या टोकांवरच असतात रे! सगळी हजामत केलीस."

यांचं तोंड एवढंसं झालं. मीही चार शब्द सुनावणार होते, पण वन्संचे डोळे भरले होते.

छाटलेली टोकं खालीच पडली होती. आम्ही तिघं गुडघे टेकून त्यांवरची अंडी शोधायला लागलो. वन्संनी मला भिंग दिलं. काट्याच्या बेचक्यात खसखशीएवढं पांढरं अंडं, आणि त्यावर जाळीदार नक्षी! एवढ्याशा जागेत ही कोरायची कुणी? मला भोवतालच्या थंडीचाही विसर पडला. अंडं असलेली प्रत्येक काडी आम्ही शाबूत झुडपांना दोऱ्याने बांधली, टोक कळीला टेकेल अशी, म्हणजे अळी निघालीच तर तिला कोवळं खायला मिळेल. काही उपयोग होईल असं वन्संना वाटत नव्हतं. त्यानंतर त्यांनी यांच्याशी बोलणंच टाकलं.

पालवी फुटायच्या बेतात होती तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. ही दोघं एकाच झुडपापुढे वाकलेली, पण अबोला तसाच. एका अंड्याला भोक पडलेलं होतं. वाळक्या काडीवरून दोऱ्याएवढी अळी चालली होती. काडी संपली तिथे ती थांबली, डोकं उचलून इकडेतिकडे चाचपू लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, वाट दाखवायला आई नव्हती. ती हिरव्या कळीवर उतरली आणि आत शिरू लागली. माझे हात आपोआप जोडले गेले.

"ताई, गेली गं ती पलीकडे!" हे ओरडले.

"हळू बोल रे," वन्सं म्हणाल्या, "दचकेल ती."