पेवात सोडायचा कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. काच तडकलेली, बूड गंजलेलं. पण मला भंगार म्हणाल तर खबरदार! मुखेडजवळच्या एका गावात शेषेरावांच्या घरी माझी हयात गेली. वीज आली तरी माझा मान राहिला, तो अंगणातल्या पेवामुळे. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीखालचा खोल खड्डा. तो बंद राहिला की आतली हवा नासते. म्हणून शेषेराव पेव दिवसभर उघडं ठेवत, मग मला पेटवून दोरीनं खाली सोडत. मी विझलो तर कुणी उतरायचं नाही, असा घरचा दंडकच होता.

शेषेराव वारले आणि मी खुंटीला लागलो.

यंदा त्यांच्या थोरल्या मुलानं, शिवशंकरनं, पेव उघडलं. आई तुळजाबाई म्हणाली, "कंदील सोड रे आधी."

तो हसला. "आये, मोबाईलची बत्ती हाय की! बघ, तळ दिसून राहिला."

अरे लेका, त्या बत्तीला हवा लागते का? ती कशाला विझेल? पण खुंटीवरच्याचं ऐकतो कोण!

तो शिडीनं उतरला आणि हाकही न मारता कोसळला. धाकटा भुजंग धावला. तो आत पाय टाकणार, तोच तुळजाबाईनं त्याला मागून कवेत घट्ट धरलं.

"सोड आये! दादा मरून राहिला!"

"न्हाई सोडत! ऋतुजा, कंदील आण!"

ऋतुजा शिवशंकरची बायको. तिनं मला पेटवून खाली सोडलं. पुरुषभर खोलही गेलो नाही, तोच विझलो. ते बघून भुजंगनं झटापट सोडली. मग उफणणीचा पंखा लावून आत वारा सोडला. मला पुन्हा पेटवून तळापर्यंत सोडलं. मी जळत राहिलो, तेव्हाच भुजंग कमरेला दोर बांधून उतरला. पण शिवशंकर गेला होता.

भुजंग अजून आईला विचारतो, "मला का धरलंस?"

"एक तरी राहिला रे माझा," ती म्हणते. मला फार वाईट वाटतं, मित्रांनो.

पेव असो, आड असो की टाकी, पडलेल्यामागे उडी टाकू नका. वारा सोडा, माणसं बोलवा, अग्निशमन दलाला कळवा. माझ्या एकट्यावरही विसंबू नका, काही विषारी वायूंत मी जळतच राहतो. गोबरगॅसपाशी तर मला नेऊच नका, भडका उडेल. आणि कुणी आत धावलाच, तर त्याला घट्ट धरा. तो शिव्या देईल, ओरबाडेल, जन्मभर बोल लावील. तरी सोडू नका.