श्वास घ्या म्हणणारी मशीन

मित्रांनो, मधोमध भोक असलेल्या मेदूवड्यासारखी भली मोठी वस्तू दवाखान्यात पाहिलीत का कधी? तीच मी, एक जुनी सीटी स्कॅनची मशीन. नारायणगुड्याजवळच्या एका दवाखान्यात बारा वर्षं मी आजारी माणसांच्या पोटात डोकावले. "सांस रोकिए," मी म्हणायचे, माणसं रोखायची. "सांस लीजिए," म्हटलं की घ्यायची. माझा शब्द कुणी खाली पडू दिला नाही.

मग नवी मशीन आली आणि माझी रवानगी शवागारात झाली. इथे मृतदेह न फाडता, नुसते फोटो काढून मृत्यूचं कारण शोधायचं असतं. मी आपली सांगायचे, पण इथे कुणी श्वास रोखेना, कुणी घेईना. माझं काय चुकतंय तेच कळेना. शेवटी ऑपरेटरने माझा आवाजच बंद केला.

एके सकाळी सूर्यभान आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, सिकंदराबादच्या घरी जिन्याखाली पडलेले सापडले. पोलिसांना कारण हवं होतं. त्यांची बायको पार्वतीबाई हात जोडून म्हणाली, "फाडू नका हो त्यांना. सुईलासुद्धा भ्यायचे ते."

"आधी स्कॅन करू," डॉक्टर शैला म्हणाल्या. "त्यात कारण दिसलं नाही, तर मात्र इलाज नाही, बाई."

त्या दिवशी ऑपरेटर नवा होता. त्याने सगळी बटणं चालू केली, माझ्या आवाजाचंसुद्धा. मला काय, जुनी सवय.

"सांस रोकिए," मी म्हणाले. आणि मग, "सांस लीजिए."

दार ढकलून पार्वतीबाई आत आली. "ती श्वास घ्या म्हणतेय. म्हणजे आहेत का हो अजून?"

डॉक्टरांनी तिचा हात धरला. "नाही, बाई. ते रेकॉर्डिंग आहे, चुकून वाजलं."

धरणीने पोटात घ्यावं, असं झालं मला.

फोटोत मात्र कारण स्वच्छ दिसलं. डोक्यातली रक्तवाहिनी आधी फुटली होती, मग ते पडले होते. फाडायची गरज उरली नाही.

खजील झालेला ऑपरेटर माझा आवाज बंद करायला गेला, तशी पार्वतीबाई म्हणाली, "राहू द्या, बाबा. कालपासून सगळे बॉडी उचला, बॉडी सरकवा म्हणतायत. माणसाशी बोलावं तसं त्यांच्याशी ही एकटीच बोलली."

तेव्हापासून माझा गोंधळ वाढलाच आहे. मी बोलावं की गप्प राहावं, कुणी सांगत नाही. पण मित्रांनो, तुमच्यापुढे कधी कुणी असं निजलेलं असेल, तर त्याला नावाने हाक मारा. मला नावं येत नाहीत, नाहीतर मीच मारली असती.