मनगटातली दोरी

"अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मावशी. आता मनगट जरा वाकवा," डॉक्टर म्हणाले, तशी शेवंतीच्या मनगटावर मधोमध एक दोरी ताठ उभी राहिली. डॉक्टरांनी ती बोटाने दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"छान. हीच काढू आणि बोटात बसवू. हिच्यावाचून मनगटाचं काही अडत नाही."

शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याचं, पोपटचं मात्र तोंड उतरलं. तीन महिन्यांपूर्वी सुरमई कापताना विळी शेवंतीच्या डाव्या तर्जनीत शिरली होती. कोपरीच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकणारी बाई ती. हळद दाबली, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटीमागे जाऊन बसली. जखम भरली, पण बोट काही वाकेना. बोट ओढणारी आतली दोरीच तुटून आखडली होती. आता नुसत्या टाक्यांनी भागणार नव्हतं.

"चांगल्या हातातली दोरी काढाची?" पोपट म्हणाला. "देवानं काय उगाच दिली का ती?"

डॉक्टर हसले. "आपले पूर्वज झाडांवर राहायचे ना काका, तेव्हाची आहे ती. आता उरलीय नुसती."

पोपटने चटकन दाराकडे पाहिलं. तिथे त्याची मुलगी दर्शना उभी होती, टिटवाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. ती खाली मान घालून फरशी बघत राहिली. गेल्या वर्षी भजनाच्या मंडळींसमोर त्यांच्यातल्याच कुंडलिकने पोपटची टोपी उडवली होती, "तुजी पोर आपल्याला माकडाची औलाद सांगते म्हनं!" सगळे खो खो हसले होते. त्या रात्री पोपटने दर्शनाला बजावलं होतं, की असलं काही माझ्या घरात बोलायचं नाही. तिने शब्द पाळला. दर रविवारी यायची, जेवायची, आईशी चार गोष्टी करायची आणि निघून जायची.

"ह्यो हो बोलला तरच करीन," शेवंती डॉक्टरांना म्हणाली. पोपट उठून बाहेर चालू लागला. तिघं तशीच घरी आली.

संध्याकाळी शेवंती मोरीपाशी बोंबील साफ करायला बसली. पोपट ओटीवरून बघत होता. ताठ बोटाखालून बोंबील सटकन निसटला, फरशीवर घसरत गेला. तिने उचलला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा तिने तो उचललाच नाही, नुसती त्याच्याकडे बघत बसली. बाजारातही हेच चालायचं. नेहमीची गिऱ्हाइकं आताशा पलीकडच्या पाटीवर जायची.

"दर्शना," त्याने हाक मारली. "त्या दोरीचा काय ता सांग मना."

"घरात बोलायचं नाही म्हणालेलास."

"आता मीच बोलतंय ना, बोल."

दर्शना त्याच्यासमोर येऊन बसली. "आधी तू कर. अंगठा नि करंगळी जोड."

पोपटने जोडली. मनगट वाकवलं. काहीच वर आलं नाही. त्याने दुसरा हात करून पाहिला. तोही सपाट. डोळे बारीक करून त्याने मनगट दिव्याकडे धरलं, चोळलं, दाबून पाहिलं.

"माजी कुठं गेली?"

"तुझी नव्हतीच कधी. काही माणसांना नसते, बाबा. झाडांवर राहणाऱ्या माकडांना ती लागते, म्हणून त्यांच्यात असते. आपण माकडापासून झालो असं नाही. त्यांचे आणि आपले पूर्वज एक होते. आपण खाली उतरलो, मग कुणाच्या हातात ती उरली, कुणाच्या नाही." तिने त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. "वीस वर्षं मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढलीस तू. कधी अडलं?"

पोपट आपल्या हातांकडे बघत राहिला. याच हातांनी त्याने मीठ ओढलं होतं, घर बांधलं होतं, आणि या पोरीला खांद्यावर बसवून शाळेत सोडलं होतं. शिकून आली, तर तिलाच गप्प बसवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"डॉक्टरला फोन लाव," तो म्हणाला. "आईला उद्याच नेऊ."

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, मग रोजचा व्यायाम सुरू झाला. कितीतरी दिवस बोट हटून बसलं होतं. मग नखभर वाकलं. गणपती जाता जाता शेवंतीने एका सकाळी बोंबील धरला, तो सुटला नाही.

त्या शनिवारी देवळात भजन संपलं. शेवंती सगळ्यांना प्रसाद वाटत होती. प्रसादाचं ताट धरून दर्शनाही तिच्यासोबत होती. पोपटने टाळ खाली ठेवले.

"अंगठा नि करंगळी जोडा रं सगली," तो म्हणाला. "मनगट वाकवा."

म्हाताऱ्यांना वाटलं, नवीन आसन असेल. सगळे वाकून आपापली मनगटं बघू लागले. कुंडलिकची दोरी सगळ्यांत जाड निघाली. त्याने ती कौतुकाने चारचौघांना दाखवली.

"तुजी बघू," तो म्हणाला.

पोपटने हात पुढे केला. "मना नाय."

"अरं, नाय कशी? आमाला हाय नि तुला नाय?"

पोपट उत्तर द्यायला लागला आणि थांबला. सतरंजीवर थोडा सरकून त्याने माईकपाशी जागा केली.

"दर्शना, हिकडं ये. यांना सांग," तो म्हणाला. "बेगीन नको. नीट सांग."

दर्शना आईच्या हातात प्रसादाचं ताट देऊन पुढे आली. कुंडलिकने अंगठा आणि करंगळी अजून तशीच जोडून धरली होती.