फेट्यासकट माप

“ह्यो फोडून टाकू का तुमी इकत घेताय, तेवढं सांगा,” असं म्हणत धुळाआबांनी नाकावरचा चष्मा काढून माझ्या काउंटरवर ठेवला.

उंब्रजच्या पेठेत मी बावीस वर्षं चष्मे विकतोय. मलाच चष्मा विकायला आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच. धुळाआबा आटपाडीकडचे मेंढपाळ. दरसाल दिवाळीनंतर कळप घेऊन इकडं उतरतात आणि तारळी नदीकाठच्या वावरांत खतासाठी मेंढरं बसवतात. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यावर तांबडा फेटा. तो एवढा थोरला की माझ्या दुकानाच्या दारातून आत येताना ते मान वाकवत नाहीत, गुडघे वाकवतात.

चष्मा साताऱ्याच्या एका स्वस्तातल्या मोठ्या दुकानातला होता, ज्यांच्या गावोगावी शाखा असतात तसल्या. मुलगा इंद्रजित फौजेत. सुट्टीवर आला तेव्हा बापाला तिथं नेऊन त्यानं प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा करून दिला होता. म्हणजे एकाच काचेत वरून लांबचं, मधून मधलं आणि खालून जवळचं दिसतं आणि मध्ये रेघ म्हणून नसते.

“लांबचं झ्याक दिसतंय,” आबा म्हणाले. “पार वड्यापल्याडचं मेंढरू वळखू येतंय. पर कातराय बसलं की हातातली कातर दिसत न्हाई. दिसावी म्हणून मान वर करावी, तर फेटा पाठीवर जातोय. परवा फेटा सावराय गेलो आन् कातर लागली मेंढीला. कासंपाशी. पन्नास वरसात रगात काढलं नव्हतं मी.”

एवढ्यावर भागलं नव्हतं. ही गोष्ट फोनवरून मुलाला कळली होती. नजर गेली, आता मेंढरं विकून घरी बसा, असा त्याचा हुकूम सुटला होता. गुरुवारी जोतीराम नावाचा व्यापारी कळप न्यायला येणार होता.

“इकून काय करू? दिसभर भिताड बघत बसू?” त्यांनी विचारलं.

खरं सांगतो, मला वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. ही मोठी दुकानं पाकिटावर स्वतःचं नाव छापून काचा विकतात आणि त्या काचा म्हणजे निव्वळ कचरा, असं मी सहा वर्षं अख्ख्या उंब्रजला ऐकवत आलो होतो. आज पुरावा स्वतःच्या पायांनी दुकानात आला होता.

मी चष्मा उचलला आणि काचेवर तोंडाची वाफ सोडली. प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन बारीक वर्तुळं कोरलेली असतात आणि त्यांच्या खाली ती बनवणाऱ्या कारखान्याची खूण. एरवी ती दिसत नाहीत, वाफेत क्षणभर उमटतात. खूण उमटली आणि मी स्टुलावर बसलो. माझ्या कपाटातल्या तिप्पट किमतीच्या, नावाजलेल्या काचेवर हीच खूण असते. खात्री करायला मी कपाटातली एक काढली, तिच्यावरही वाफ सोडली. तीच. नंबर यंत्रावर पाहिला, तोही तंतोतंत.

मग मी काच उजेडाकडे धरली आणि सावकाश वर सरकवत राहिलो. समोरच्या खतांच्या दुकानाची पाटी कुठंही न तुटता, न अडखळता बदलत गेली. असल्या काचा मी हजारभर तरी विकल्या असतील, पण डोळे भरून एकही बघितली नव्हती. ओढ्यापलीकडचं मेंढरू आणि हातातली कातर, दोन्ही तिथं होतं, आणि दोन्हींच्या मधल्या भागात मला शिवण सापडत नव्हती. हे माणसाच्या हातून घडलंय यावर माझा विश्वास बसेना, आणि या वस्तूला मी सहा वर्षं कचरा म्हणत होतो.

“खराब हाय न्हवं?” आबांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर ते माझ्याकडून नव्या काचा घालून घ्यायला तयार होते. तोंडाशी आलेला होकार गिळायला मला बराच वेळ लागला.

“आबा, काच एक नंबर आहे.”

“मग माजं डोळंच गेलं म्हणायचं,” ते म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

साताऱ्याच्या त्या दुकानात माप घेणारी प्रियदर्शनी कांबळे मूळची माझ्याकडेच शिकलेली. पाच वर्षं माझ्या हाताखाली काढून ती तिकडं गेली, तेव्हापासून मी तिच्याशी धड बोललो नव्हतो. आबा गेल्यावर मी तिला फोन लावला.

“तुमच्या काचा असतात तरी कशा गं?”

“कचरा असतात, सर. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? साताऱ्यापर्यंत ऐकू येतं.”

“ते राहू दे. आज एकीवर वाफ सोडून बघितली.”

ती म्हणाली, “म्हणजे कळलं तुम्हाला.”

“कळलं. मग चुकतंय कुठं?”

मी सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, “गुरुवारी माझी सुट्टी असते. त्यांना खुर्चीत बसवून नका तपासू. मला ते कातरताना बघायचेत.”

गुरुवारी दुपारी आम्ही नदीकाठच्या वावरात गेलो. आबांची बायको रंगुबाई एका मेंढीचे पाय धरून बसली होती. जखमी मेंढी शेजारीच बांधलेली होती. प्रियदर्शनी लेंड्यांच्या त्या जमिनीवर आबांच्या समोर उकिडवी बसली आणि पाहत राहिली. आबा दोनदा थांबले, दोनदा फेटा सावरला.

“आबा, आमच्या दुकानात आला तेव्हा फेटा होता डोक्यावर?”

“व्हता की. तूच काढाय लावलास. मिशनीत मावंना म्हणलीस.”

“आणि मापाचा फोटो काढायचा म्हटल्यावर कसे बसला होता?”

“कसा म्हंजी? फोटूला मान वर नगं? फौजीचा बाप हाय मी.” आबांनी हनुवटी उंचावून दाखवली.

ती हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, चूक काचेची नाही, माझी आहे. उघड्या डोक्यानं मान वर करून बसलेल्या माणसाचं माप मी घेतलं. हे असे कधी बसतच नाहीत. फेटा असला की हनुवटी आत असते. त्यामुळं जवळचं दिसायची जागा पार खाली राहिलीय.”

तिनं काचेवर वाफ सोडली, खुणांवरून दोन्ही काचांवर पेनानं बारीक ठिपका दिला आणि चष्मा आबांना घातला. “आता फेट्यासकट बसा आणि समोर कळपाकडं बघा.” ठिपका बाहुलीसमोर यायला हवा, तो तीन मिलिमीटर खाली होता. तेवढ्या तिळभर अंतरासाठी अख्खा कळप विकायला निघाला होता.

तिनं पर्समधून छोटी पक्कड काढली. नाकावर टेकणाऱ्या दोन चकत्या जवळ आणल्या, खाली घेतल्या, काड्यांना कानामागं किंचित वळवलं. चष्मा घातला, पाहिला, काढला. असं सात-आठ वेळा. ना फूटपट्टी, ना मशीन. हे मीच हिला शिकवलं, असं म्हणायची मला फार इच्छा झाली. पण इतकं मलाही कधी आलं नव्हतं आणि मी ते मनातल्या मनात मान्य केलं.

चष्मा तीन मिलिमीटर वर बसला. तिनं ठिपके पुसले. आबांनी जखमी मेंढी पुढ्यात ओढली आणि नुसती नजर खाली केली. फेटा जागचा हलला नाही.

बराच वेळ त्यांनी कातर उचललीच नाही. हळद भरलेली ती जखम ते पाहत होते. मग अंगठा तिच्या कडेनं फिरवत म्हणाले, “एवढं लागलं व्हतं व्हय गं तुला?”

रंगुबाईनं तोंड फिरवलं.

मग कातर चालू झाली. लोकर सबंध घोंगडीसारखी उलगडत आली. जखमेपाशी आल्यावर आबांनी बोटभर लोकर भोवती राखली आणि तिच्या कडेकडेनं इतक्या अलगद कातर नेली की मेंढी रवंथ करायची थांबली नाही. प्रियदर्शनी आणि मी बघतच राहिलो.

तेवढ्यात जोतीरामची गाडी बांधावर येऊन उभी राहिली. तो जवळ आला.

“आबा, चढवायची न्हवं मेंढरं? इंद्रजितचा फोन झालाय.”

आबांनी मान न हलवता डोळे वर केले. ओढ्यापर्यंत पसरलेल्या कळपावरून नजर फिरवली आणि परत हातातल्या कातरीवर आणली.

“एकबी न्हाई चढवायची. त्येला सांग, बाप कातरतोय. आन् आलाच हायस तर हिकडं ये, पुढच्या मेंढीचं पाय धर. म्हातारी दमलीया.”

जोतीरामनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रंगुबाईच्या जागेवर जाऊन बसला.